आधीं पल्ला मोजा, मग पैसे मोजा

छायाचित्रणाचा छंद आमच्या शाळेंतील मुलामुलींत अलीकडे फार वाढला आहे, आणि कळंब्यासारख्या ठिकाणीं तो वाढावा यांत नवल नाहीं. गांवाच्या अंगाला तलाव, पावसाळ्यांत हिरवीगार होणारीं शेतें, गारगोटीच्या रस्त्यावरची वर्दळ आणि लग्नसराईंत पावलापावलावर उभे राहणारे मांडव, इतकें साहित्य हाताशीं असतांना कॅमेरा कोणाला नकोसा होईल? शिवाय कित्येक घरीं छायाचित्रण हा छंद नसून चरितार्थाचा धंदा आहे. वडील कॅमेरा धरतात व मुलगा सुटीच्या दिवशीं फ्लॅशचा स्टँड सांभाळीत उभा राहतो, हें दृश्य लग्नाकार्यांत नेहमीं दिसतें. प्रस्तुत लेखाचा विषय या स्टँड धरणाऱ्या मुलाशीं व त्याच्या वडिलांच्या खिशाशीं फार निकटचा आहे.

फ्लॅश कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसवून चित्र घेतलें कीं उजेड समोरून सपाट पडतो. चेहरे पिठासारखे पांढरे दिसतात व मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली उमटते. तोच फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, एका बाजूस व जरा उंचावर ठेवला तर नाकडोळे, दागिने, पैठणीचा काठ, सारें कसें उठून दिसतें. मात्र शटर पूर्ण उघडें असतें तें सेकंदाच्या १/२०० भागाइतका अल्प काळ, आणि नेमक्या त्याच क्षणीं दूरचा फ्लॅश उडाला पाहिजे. पूर्वीं हें काम लांब तारेनें होत असे. मांडवांत ती तार कोणाच्या ना कोणाच्या पायांत येई, आणि स्टँड, छत्री व फ्लॅश हें त्रिकूट वऱ्हाडावर कोसळे. तारेची जागा आतां बिनतारी ट्रिगरनें घेतली आहे. कॅमेऱ्यावर एक डबी बसते, ती ट्रान्समीटर. फ्लॅशखालीं दुसरी बसते, ती रिसीव्हर. शटर उघडतांच पहिली डबी रेडिओलहरींवरून एक लहानसा सांकेतिक निरोप धाडते, आणि दुसरी तो ओळखून फ्लॅशचा चाप ओढते. नांवाजलेली जोडी घ्यावयाची तर अनेक हजार रुपये पडतात. साधी जोडी कांहीं शेंकड्यांत मिळते.

या साध्या जोडीविरुद्ध एकच गाऱ्हाणें सर्वत्र ऐकूं येतें, तें हें कीं तिचा पल्ला तोकडा. दहाबारा पावलांपर्यंत ती आज्ञाधारक सेवकाप्रमाणें वागते. त्यापुढें तिची मर्जी. आणि न उडण्यासाठीं ती नेमका अक्षता पडण्याचा क्षण निवडते, असें धंद्यांतले लोक म्हणतात. वधूवरांना हार पुन्हां घालावयास सांगतां येतें, पण मुलीच्या आईच्या डोळ्यांत आलेलें पाणी पुन्हां मागवितां येत नाहीं. तेव्हां गाऱ्हाणें क्षुल्लक नव्हे. घरीं मग वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, महागडी जोडी घ्या. कांहीं पालक हप्त्यानें कां होईना ती घेऊन देतात; कांहीं "स्वस्तांत घेतलें, आतां भोगा" असें म्हणून विषय मिटवितात. आम्हांस हीं दोन्ही उत्तरें सारखींच चुकीचीं वाटतात. कारण दोहोंतही पल्ला तोकडा कां, हा प्रश्न कोणी विचारीतच नाहीं. आमचें मत असें कीं पुष्कळशा स्वस्त ट्रिगरांना दुबळें म्हणण्यापेक्षां कोंडलेले म्हणणें अधिक योग्य होईल. आणि त्यांस मोकळें करण्याचें काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यास, वडील माणसांच्या देखरेखीखालीं, करतां येण्याजोगें आहे.

परंतु औषधापूर्वीं नाडी पाहिली पाहिजे. सायंकाळीं शाळेचें मैदान मोकळें झालें म्हणजे फ्लॅश व रिसीव्हर छातीइतक्या उंचीच्या स्टँडवर ठेवावा. ट्रान्समीटर कॅमेऱ्यावर बसवून, कॅमेरा चित्र घेतांना धरतात तसाच धरून, पांच-पांच मीटरनें मागें सरकावें, आणि प्रत्येक ठिकाणीं चांचणीचें बटण दहा वेळां दाबावें. फ्लॅश पुन्हां भरण्यास अवकाश लागतो, म्हणून दोन दाबांच्या मध्यें दहा-पंधरा सेकंद थांबावें. घाई केली तर रिकामा फ्लॅश उडत नाहीं व आळ बिचाऱ्या ट्रिगरवर येतो. दहांपैकीं किती वेळां उडाला तें तेथल्या तेथें वहींत लिहावें. जेथवर दहाच्या दहा वेळां उडतो तेथवर पल्ला. जेथें दहांत तीनदां उडतो तेथें पल्ला नाहीं, सोडत आहे. वेष्टनावर छापलेला आंकडा मोकळ्या मैदानांतला, नव्या सेलवरचा व मधें कोणी उभें नसतांनाचा समजावा. मांडवांत तसें भाग्य कोणाला लाभतें?

पुढील प्रत्येक उपाय करून पाहतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व पुन्हां मोजावें. सेलही नवा, तारही नवी, जागाही नवी, आणि पल्ला वाढला. मग श्रेय कोणाला द्यावयाचें? विज्ञानाच्या तासाला आम्ही हें वर्षभर सांगत असतों, पण ट्रिगरच्या निमित्तानें तें मुलांना एका सायंकाळीं पटतें.

प्रथम ज्या दोषांचा लहरींशीं कांहीं संबंध नाहीं ते काढून टाकावे. कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खोबणींत मळ सांचला कीं संपर्क तुटतो; साध्या खोडरबरानें तो स्वच्छ होतो. कांहीं फ्लॅश थोडा वेळ काम न मिळाल्यास आपोआप झोपीं जातात. रिसीव्हर बिचारा हांक मारतो, पण झोपलेल्यास ती ऐकूं येत नाहीं. असा फ्लॅश न झोपण्याच्या अवस्थेंत ठेवावा. ट्रान्समीटरमध्यें बहुधा १२ व्होल्टचा करंगळीएवढा सेल असतो. तो अर्धामुर्धा संपला तरी डबीवरचा लाल दिवा लागतच राहतो, म्हणून दिवा लागला एवढ्यावरून सेल सशक्त आहे असें समजूं नये. मीटरनें व्होल्ट मोजून पाहावेत. आम्हांस असें दिसतें कीं पल्ल्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींपैकीं पुष्कळ येथेंच संपतात, आणि डबी उघडण्याचें कारणच उरत नाहीं.

आतां खऱ्या पल्ल्याकडे वळूं. डबीच्या पाठीवर ४३३ मेगाहर्ट्झ किंवा २.४ गिगाहर्ट्झ असें छापलेलें असतें. जुन्या व अतिस्वस्त जोड्या बहुधा पहिल्या जातीच्या असतात. ४३३ मेगाहर्ट्झ म्हणजे दर सेकंदास ४३ कोटी ३० लक्ष आवर्तनें. लहर दर सेकंदास सुमारें ३० कोटी मीटर धांवते. तेव्हां भागाकार केला कीं एका लहरीची लांबी सुमारें ६९ सेंटिमीटर निघते. एरियलची तार या लांबीच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे सुमारें १७ सेंटिमीटर, सरळ असली तर ती लहर उत्तम सोडते व उत्तम झेलते. पण डबी तर सात-आठ सेंटिमीटरची! म्हणून कारखानदार तीच तार वेटोळें करून डबींत कोंबतो, किंवा बोटभर तुकड्यावर भागवितो. वेटोळ्यानें काम होतें, पण अर्धपोटीं. शिवाय शेजारीं सेल, फ्लॅशचा धातूचा भाग व धरणाराचा हात आला कीं त्याचा सूर बिघडतो. मोठ्या आवाजाच्या गवयाला कोठीच्या खोलींत कोंडून, दाराच्या फटींतून गाणें ऐकावें, तशी ही गत आहे.

उपाय उघड आहे. डबी उघडून वेटोळें काढावें, त्याच जागीं साध्या वेष्टित तारेचा १७ सेंटिमीटरचा तुकडा डाख देऊन बसवावा, व डबीला बारीक भोंक पाडून तो सरळ बाहेर काढावा. खर्च म्हणाल तर चहाच्या पेल्याहून कमी. एवढ्या सोप्या कामांत दोन ठिकाणीं मात्र मुलें फसतात. पहिलें असें कीं रिसीव्हरच्या पाटीवर वेटोळीं एकाहून अधिक असूं शकतात. ज्याचें एक टोंक कोठेंच जोडलेलें नसतें तेंच एरियल. ज्याचीं दोन्ही टोंकें पाटींत रुतलेलीं असतात तें सूर जुळविणारें वेटोळें. त्याला हात लावूं नये, वांकवूं नये, त्याच्या कड्या ताणूं नयेत. तसें केल्यास रिसीव्हर दुसऱ्याच सुरांत ऐकूं लागतो आणि मग १७ सेंटिमीटरच काय, १७ हात तार लावूनही उपयोग नाहीं. दुसरें असें कीं तार लांब तितकी चांगली ही समजूत खोटी आहे. चौथा हिस्सा हें माप लहरीनें घालून दिलेलें आहे. तें मोडून दुप्पट तार लावली तर लाभाऐवजीं तोटाच पदरीं पडण्याचा संभव अधिक. तार प्रथम अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवून, थोडी थोडी कातरून, दर वेळीं मैदानावर मोजून पाहावें.

आणखी एक युक्ति आहे, ती फारशी कोणी करीत नाहीं. एरियलला उभें राहण्यास पाय लागतात. एक तार वर गेली तर तिच्या जोडीला विजेचा दुसरा भाग खालच्या बाजूस हवा. डबींतील सेलच्या ऋण टोंकाशीं जोडलेल्या जागीं तितक्याच लांबीची दुसरी तार डाखून ती खालीं सोडली तर हा पाय मिळतो. कॅमेऱ्यावरच्या डबीला कॅमेऱ्याचें धड कांहीं अंशीं हें काम करून देतें. स्टँडवरच्या एकाकी रिसीव्हरला तें मिळत नाहीं, म्हणून तेथें या दुसऱ्या तारेचा गुण अधिक दिसतो.

तार लावून झाली कीं प्रश्न राहतो ती धरावी कशी. येथें एक कोडें आम्ही वाचकांपुढें ठेवतों. आडवें चित्र घेतांना फ्लॅश बिनचूक उडतो आणि त्याच जागेवरून उभें चित्र घेतांना उडत नाहीं, असें कां होतें? कारण असें कीं उभ्या चित्रासाठीं कॅमेरा कलंडविला म्हणजे त्यावरचें एरियल आडवें होतें, पण स्टँडवरचें उभेंच राहतें. उभ्या तारेनें सोडलेली लहर उभी तारच चांगली झेलते. एक उभी व एक आडवी झाली कीं निरोप कितीतरी क्षीण होतो. तेव्हां उभीं चित्रें घ्यावयाचीं असतील तर रिसीव्हरची तार तिरपी, दोहोंच्या मधोमध ठेवावी, म्हणजे दोन्ही स्थितींत थोडें थोडें ऐकूं येतें. एवढी साधी गोष्ट माहीत नसल्यामुळें किती चांगल्या डब्या कचऱ्यांत गेल्या असतील कोण जाणे!

उंचीचें महत्त्व याहूनही मोठें. दिव्याची जागा मापाखालीं नव्हे, दिवठणीवर, हें तर आमच्या शाळेंत लहान वर्गापासून शिकवितात. रिसीव्हरलाही तोच न्याय. मोकळ्या अवकाशांत अंतर दुप्पट झालें कीं निरोपाची शक्ति चौथ्या हिश्श्यावर येते. जमिनीलगत तर जमिनीवरून उलटलेली लहर मूळ लहरीशीं भांडते, व दूरच्या अंतरावर ती शक्ति सोळाव्या हिश्श्यापर्यंत उतरते. रिसीव्हर गुडघ्याएवढ्या उंचीवरून डोक्याच्या वर नेला कीं हें भांडण बरेंच मिटतें. तलावाच्या बांधावर समूहचित्र घेणारांनीं फ्लॅश ओल्या गवतांत टेंकवून ठेवूं नये, याचें कारण हेंच. माणसांची गर्दीही विसरतां कामा नये. मनुष्याच्या देहांत निम्म्याहून अधिक पाणी आहे, आणि पाणी या लहरी गिळतें, २.४ गिगाहर्ट्झची, अवघ्या साडेबारा सेंटिमीटरांची लहर तर ओल्या पानांनीं व दाट वऱ्हाडानें लवकर थकते. स्टँड धरणाऱ्या मुलानें रिसीव्हर आपल्या पोटाशीं धरूं नये. दंड उंच करून स्टँड डोक्यावर काढावा. हाताला कळ लागेल, पण सेल व तार यांच्या खालोखाल उपयोगी असा हाच उपाय आहे, आणि तो फुकट आहे.

२.४ गिगाहर्ट्झच्या जोडींत एरियल पाटीवरच तांब्याच्या नक्षीनें कोरलेलें असतें. तेथें डाख देण्याच्या भरीस पडूं नये. जागा, उंची व सेल यांवरच समाधान मानावें.

फ्लॅशच्या पोटांतही एक शत्रु दडलेला असतो. फ्लॅश भरतांना आंतील विजेचे मंडल स्वतःच रेडिओचा गोंगाट करतें, आणि रिसीव्हर तर त्याच्या कुशींत बसलेला. ही व्याधि केवळ गरिबांच्या डब्यांना जडते असें नाहीं. २००९ सालीं पॉकेटविझार्ड या नामांकित अमेरिकन ट्रिगरांची नवी जात बाजारांत आली, तेव्हां कॅननच्या कांहीं फ्लॅशबरोबर तिचा पल्ला फार घटतो असें आढळून आलें. कारण हेंच, फ्लॅशचा गोंगाट. शेवटीं कंपनीनें फ्लॅशवर चढवावयाचा, लहरी अडविणारा, मोज्यासारखा एक अभ्रा दिला. म्हणजे हजारों रुपयांच्या यंत्रालाही अखेर मोजाच चढवावा लागला! आपण स्वस्तांतला मार्ग घ्यावा: हात-दीड हात लांबीची जोडतार वापरून रिसीव्हर फ्लॅशपासून दूर करावा व स्टँडच्या दांड्यावर स्वतंत्र बांधावा. गोंगाट अंतराबरोबर झपाट्यानें ओसरतो.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? ट्रान्समीटरची शक्तिच वाढवून टाकावी. ही सूचना आम्हांस मान्य नाहीं, आणि ती केवळ भीतीमुळें नव्हे. पल्ला दुप्पट करावयास मोकळ्या जागींही शक्ति चौपट लागते, तेव्हां हा मार्ग मुळांत उधळपट्टीचा. शिवाय आपल्या देशांत बिनतारी यंत्रांवर १९३३ सालच्या कायद्यापासून नियंत्रण आहे. अल्पशक्तीच्या यंत्रांना ठराविक पट्ट्यांत परवान्यावांचून मोकळीक मिळाली आहे, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत ती २००५ सालापासून आहे. पण ती अल्पशक्तीपुरतीच. शेजारधर्माचाही विचार हवाच. ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास मोटारींच्या किल्ल्या, फाटकें व दारावरच्या घंटाही बोलत असतात. एकाच लग्नांत दोन छायाचित्रकार असले व दोघांच्या डब्या एकाच चॅनलवर असल्या कीं एकाच्या शटरनें दुसऱ्याचा फ्लॅश उडतो, मग मांडवांत मंगलाष्टकांपेक्षां वादविवादच मोठे होतात. आपल्याला लागतो तेवढा पल्ला असावा, गांवभर नसावा. चॅनल बदलण्याचे लहान खटके बहुतेक डब्यांत असतात. ते कार्यापूर्वीं एकमेकांस विचारून लावावेत. कळंब्यास मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच्या परिसरांत फ्लॅशचे, ट्रिगरचे किंवा कोणतेच बिनतारी प्रयोग करूं नयेत, हेंही येथें सांगून ठेवतों.

पालकांस एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. ट्रिगरची डबी उघडण्यास मुलास मोकळीक द्यावी, फ्लॅश उघडण्यास कदापि देऊं नये. फ्लॅशमधील कपॅसिटरमध्यें सुमारें ३०० व्होल्टचा सांठा असतो, आणि बटण बंद केल्यावर व सेल काढल्यावरही तो टिकून राहतो. त्याचा धक्का प्राणावर बेतूं शकतो. अडगळींतून काढलेले जुने फ्लॅशही सांभाळून वापरावेत. त्यांतील कित्येकांच्या संपर्कावर दोनशें व्होल्टहून अधिक दाब असतो. त्यानें स्वस्त रिसीव्हर जळतो, व तो फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर बसविल्यास कॅमेराही धोक्यांत येतो. अशा फ्लॅशचा दाब जाणकाराकडून मोजून घेतल्याशिवाय तो जोडूं नये.

मग महागडी जोडी कोणींच घेऊं नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याचें पोट लग्नांवर चालतें, ज्याला दिवसांत हजार वेळां फ्लॅश उडवावा लागतो व एकही चुकून चालत नाहीं, त्यानें सर्व उपाय करून, मैदानावर मोजून, आंकडा पुरेसा येत नाहीं असें ठरल्यावर अवश्य घ्यावी. ती चैन नव्हे, तें धंद्याचें भांडवल आहे. आणखी एक दोष असा आहे कीं त्याला स्वस्त जोडींत उतारा नाहीं. शटरचा वेग वाढविला कीं चित्राच्या एका कडेस काळा पट्टा येतो. याला पुष्कळ लोक पल्ल्याचाच दोष समजतात. तसें नाहीं. तीस मीटर अंतर कापण्यास लहरीला सेकंदाचा एक कोटीवा भाग पुरतो. उशीर होतो तो डबीला निरोप उलगडण्यांत. शटर थोडें सावकाश ठेवावें, म्हणजे पट्टा जातो. बंद सभागृहांत तर बिनतारीवांचूनही भागतें: दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून उडणारा प्रकाशग्राही स्लेव्ह अगदीं स्वस्त मिळतो. नाताळच्या नाटकांत गव्हाणीच्या प्रवेशाला तो पुरेसा आहे. उन्हांत मात्र त्याचे डोळे दिपतात.

असल्या उद्योगाला कोणी पोरखेळ म्हणतील, म्हणून थोडा इतिहास सांगतों. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. दुरून, तारेवांचून, एखादें साधन उडविणें हाच त्या प्रयोगाचा गाभा. आमच्या हातांतील ट्रिगर त्याचाच वंशज आहे. आणि कोल्हापुरास तर दूर जावयासच नको. बाबूराव मिस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, हे कारागिराच्या घराण्यांतले. परदेशी कॅमेरा परवडत नाहीं म्हणून ते स्वस्थ बसले नाहींत. बंधु आनंदराव यांच्याबरोबर आरंभिलेली खटपट आनंदरावांच्या निधनानंतर त्यांनीं विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें तडीस नेली, व १९१८ सालीं येथेंच कॅमेरा घडविला. पुढें १९२० सालीं "सैरंध्री" निघाला, आणि १९२३ सालच्या "सिंहगड" या चित्रपटांत त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. दामले १९२९ सालीं निघालेल्या प्रभात कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक झाले. ज्या गांवानें संबंध कॅमेरा घडविला त्या गांवांतील मुलास वीतभर तार डाखतां येऊं नये काय? उद्यमनगरांतील कारखान्यांत आजही मोडलेला भाग आधीं उघडून पाहतात, मग नवा मागवितात. मिशनच्या शाळांनींही हातकामाला कधीं कमी लेखलें नाहीं. सांगली येथील मिशनच्या औद्योगिक शाळेचें नांव आमच्या आजोबांच्या पिढीला सुपरिचित होतें.

तरी आमच्या शाळाचालकांस विनंती अशी कीं प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यांत एक टेबल, डाख देण्याच्या दोन सळया, एक मीटर व एक जाड वही, एवढें मुलांसाठीं ठेवावें, व आठवड्यांतून एक तास तें टेबल उघडें राहावें. कळंब्याच्याच रस्त्यावर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथील एखाद्या निदेशकास वर्षांतून दोनदां बोलावून डाख नीट कसा द्यावा हें मुलांना दाखविल्यास फार बरें होईल. वहींत प्रत्येकानें आपल्या ट्रिगरची जात, तार लावण्यापूर्वींचा पल्ला व नंतरचा पल्ला लिहावा. पल्ला वाढला नाहीं, किंवा उलट कमी झाला, तर तेंही लिहावें व काय केलें होतें तें सांगावें, म्हणजे पुढच्या मुलाचा वेळ वांचेल. पुढील अंकांत या वहींतील आंकडे छापण्यास आम्ही दोन पानें राखून ठेवूं. मोजणीला लागणारी तीस मीटरची फीत क्रीडाविभागाकडे आहेच. ती मागावयास जातांना मात्र लांब उडीच्या सरावाची वेळ टाळून जावें.